टोरांटोच्या हिवाळ्यात कोथिंबिरीला दिवा कुठला लावायचा

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मी काही शेतीतली तज्ज्ञ वगैरे नाही, चार हिवाळे घरात कोथिंबीर मारून झालेत एवढाच अनुभव. पहिल्या वर्षी धने रगडून खिडकीतल्या कुंडीत पेरले, उगवले पण छान, आणि आठवड्याभरात सगळी रोपं दोऱ्यासारखी लांबली आणि काचेकडे माना टाकून आडवी झाली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, अजून घातलं, मग काय, संपलंच. उजेडच नव्हता हो! डिसेंबरात इथे दिवस जेमतेम ९ तासांचा, त्यात सूर्य इतका खाली की शेजारच्यांच्या छपरावर पण येत नाही.

मग दिवा घेतला. खोक्यावर मोठ्ठं '१००० वॉट', आत बारीक अक्षरात खरा वापर १००. तेव्हा कळलं की वॉट म्हणजे दिवा वीज किती खातो ते, आणि लुमेन म्हणजे आपल्या डोळ्याला किती लख्ख वाटतं ते, दोन्ही रोपाच्या कामाचं माप नाही. रोपाला ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे साधारण जांभळ्यापासून लालपर्यंतचा प्रकाश लागतो, आणि तोही पानावर किती पडतो ते बघायचं. ते मोजतात मायक्रोमोलमध्ये (प्रकाशाचे कण मोजायचं माप), दर चौरस मीटरला दर सेकंदाला. कोथिंबीर, मेथी, पालक यांना २०० च्या आसपास मिळाला तर मस्त. टोमॅटो-मिरचीला त्याच्या दुप्पट तरी लागतो, म्हणून माझं ऐकाल तर हिवाळ्यात टोमॅटोच्या नादी लागू नका.

आता हे मोजायचा मीटर महाग असतो, पण फोनवर लक्स (म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे लुमेन) मोजायचं फुकट ॲप मिळतं. फोन पानांच्या उंचीवर आडवा धरायचा, सेन्सर वर, आणि आकड्याला ७० ने भागायचं. पांढऱ्या एलईडीला हा हिशोब ढोबळमानाने चालतो, म्हणजे १४,००० लक्स आले की आपले २०० झाले. रोपांसाठी म्हणून लाल-निळे एलईडी एकत्र करून विकतात त्या जांभळ्या दिव्याला नाही चालत, आणि तसाही तो मला आवडत नाही, त्या उजेडात पान पिवळं पडलंय का मावा लागलाय काही कळत नाही.

मी आता गॅरेजमध्ये लावतात तसली ४ फुटी पांढरी एलईडी ट्यूब साखळीने टांगलीये, पानांपासून वीतभर वर, रोपं वाढली की साखळीची एकेक कडी वर घ्यायची. टायमर १४ तासांचा. चोवीस तास चालू ठेवलात तर कोथिंबीर लगेच फुलावर जाते. ४० वॉटला महिन्याला १७ युनिट होतात, म्हणजे बिलाची काळजी नको.

आणि कढीपत्त्याचं विचारणार आहात, माहितीये मला. त्याची पानं गळाली की सगळे दिवा बदलायला धावतात, पण आधी कुंडीखाली हात लावून बघा, बेसमेंटच्या फरशीवर बर्फासारखी गार असेल, आणि मुळं गारठली की पानं गळतात. खाली लाकडी पाट ठेवा.