थेंब कुठं सुकतो?

मंडळी, मे महिन्यात भरदुपारी व्याख्यान ठेवलं आणि ते पण गॅस टर्बाइनमध्ये पाणी फवारण्याच्या सिम्युलेशनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेल्या नकलेवर, आयोजकांची हिंमतच आहे बाप्पा. पण हा बाजूचा कुलर घरघरतोय ना, अर्धं व्याख्यान तोच देतोय. टिल्लू पंप घासेवर पाणी सोडतो, पंखा तिच्यातून हवा ओढतो, पाणी वाफ होऊन उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. जुलैत हाच कुलर नुसतं चिकचिक करतो, कारण हवा आधीच पाण्यानं भरलेली.

आता गॅस टर्बाइन. (आपलं कोराडी, चंद्रपूर नाही, ती कोळशावर आणि वाफेवर चालतात, गॅसवरचं बघायचं तर उरणला जा.) हवा ओढायची, कॉम्प्रेसरनं दाबायची, गॅस जाळायचा, त्या गरम वायूनं टर्बाइन फिरवायचं. पण टर्बाइन जेवढी ताकद काढतं त्यातली निम्मी किंवा जास्तच कॉम्प्रेसर खाऊन टाकतो, आणि हवा जितकी गरम तितकं तिला दाबायला जास्त काम. म्हणून कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच पाणी फवारायचं. 100 किलो हवेत 1 किलो पाणी पूर्ण उडालं तर हवा साधारण 24 डिग्रीनं उतरते! जुन्या बोइंग 707 मध्येसुद्धा टेकऑफला पाणी सोडायचे.

मग सिम्युलेशन कशाला, पाणी टाका न मोकळे व्हा? तसं नाही ना. हवेला झेपेल त्याहून जास्त पाणी सोडलं की उरलेले थेंब कॉम्प्रेसरच्या आत शिरतात, तिथं हवा दाबली जाऊन तापत जाते आणि थेंब वाटेत कुठंतरी उडतात. तो कुठंतरी म्हणजे नेमका कुठं, हाच सगळा खेळ. थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर सुकायला चौपट वेळ लागतो आणि हवा तर कॉम्प्रेसरमधून काही मिलिसेकंदात पार! कपाशीवर फवारताना नोझल घासलं की थेंब मोठे पडतात, तसं इथं झालं तर थेंब पात्यावर आपटतो, पातं झिजवतो, नाहीतर बाहेरच्या भिंतीला जाऊन चिकटतो आणि थंडावा काही मिळत नाही.

कॉम्प्युटरवर हवा एक सलग प्रवाह धरून सोडवतात आणि तिच्यात हजारो थेंब सोडून एकेकाचा हिशोब ठेवतात, किती तापला, किती उडाला, आपटला का. त्यातून एक उलटीच गोष्ट दिसते. पाणी उडाल्यानं मागची हवा थंड आणि घट्ट होते, म्हणून तिथं तिचा पुढं जायचा वेग कमी होतो, पण पाती तर त्याच वेगानं फिरतात, मग हवा पात्यावर जास्त तिरपी येते. पात्यांच्या एकामागे एक रांगा असतात, त्यातल्या पुढच्या रांगांचा भार हलका, मागच्यांचा वाढतो, आणि फारच वाढला की हवा पात्यावरून सुटते, स्टॉल. एकूण फायद्याचा आकडा बघून हे कळत नाही, रांगेगणिक बघावं लागतं.

आत्ता एका पोरानं विचारलं, बोअरचं पाणी चालंल का? नाही रे बाबा. कुलरच्या घासेवर जो पांढरा थर बसतो ना, तोच पात्यांवर बसंल. क्षार काढलेलं, डीमिनरलाइज्ड पाणीच लागतं, आणि ते रोज बनवायचा प्लांट आधी उभा करावा लागतो.