सिंहावलोकन सकाळी नऊ वाजता

रसिकहो, माझा जाहीर विषय ‘चित्रपट महोत्सवातील पुरस्कार आणि त्यांचे निकष’ असा आहे, आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु सिंहावलोकन या विभागाविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. चालता चालता थांबून मागे वळून पाहणाऱ्या सिंहावरून हा शब्द आला. एखाद्या दिग्दर्शकाचे किंवा काळाचे चित्रपट सलग दाखवणाऱ्या विभागाला याहून शोभणारे नाव मला सुचत नाही.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातील महोत्सवात मूकपटांचे सिंहावलोकन होते. वेळ सकाळी नऊची, दालन सर्वांत लहान. मुलाला निरोप देऊन दारातून मागे फिरणारी आई पडद्यावर होती. तिने पदराचे टोक डोळ्यांपाशी नेले, पण तो हात माशी हाकलावी तसा झटकन गेला, आणि सभागृह हसले. त्यात दोष त्या अभिनेत्रीचा नव्हता आणि हसणाऱ्यांचाही नव्हता. मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत आणि सेकंदाला १६, १८, कधी २० चौकटी, म्हणजे फिल्मवरची एकेक स्थिर चित्रे, टिपल्या जात. २४ चौकटींची गती बोलपटांबरोबर रूढ झाली. सेकंदाला १८ चौकटींनी टिपलेला तासाभराचा चित्रपट २४ च्या गतीने दाखवला की ४५ मिनिटांत संपतो, आणि त्या हरवलेल्या पाव तासात आईचे रडणेही हरवते. मी विचारणा केली, तेव्हा पुढच्या खेळाची वेळ सांभाळायची होती, असे उत्तर मिळाले. त्याच संध्याकाळचा पुरस्कार समारंभ मात्र दोन तास चालला.

हे कोल्हापुरात बोलताना मला अधिक लागते. चित्रपट-दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये याच गावात स्वतः कॅमेरा तयार केला. १९२० च्या त्यांच्या ‘सैरंध्री’ चित्रपटानंतर लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले. त्यांचा १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’, ज्यात तरुण शांतारामांनी शेतकरी रंगवला, आज आपल्याला पाहता येत नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची, सहज पेट घेणारी. २००३ मध्ये पुण्यातील आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अशा कितीतरी फिती जळाल्या. म्हणून जे उरले आहे ते तरी आपण नीट दाखवले पाहिजे.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा पुरस्कारांविषयी थोडक्यात सांगतो. येथे १९२९ मध्ये स्थापन होऊन १९३३ मध्ये पुण्याला गेलेल्या ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेच्या ‘संत तुकाराम’चा १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. त्या गौरवाचे मोल आज आपल्याला पारखता येते, कारण तो चित्रपट अजून पाहता येतो. तेव्हा जुनी प्रत शोधणारा, तिच्यावरचे ओरखडे चौकटीगणिक काढणारा आणि तिची मूळ गती ठरवणारा तंत्रज्ञ दिग्दर्शकाच्याच व्यासपीठावर, त्याच्याइतक्याच मानाने सन्मानित व्हावा, हा माझा पहिला निकष आहे. परीक्षकांनी स्पर्धेतील चित्रपटांना गुण देण्यापूर्वी सिंहावलोकनातील निदान एक चित्रपट पाहावा, हा दुसरा. आणि या गावातल्या महोत्सवात मूकपटाचा खेळ मोठ्या पडद्यावर संध्याकाळी सहाला ठेवावा. आदल्या दिवशी पहिली दहा मिनिटे चालवून, पात्रांची पावले माणसांसारखी पडतात का, हे एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावे.