ट्रीस्टँडचा हार्नेस: दोरीतला ढील आणि मांडीचे पट्टे

[दृश्य: पहाटेचा काळोख. ओकच्या खोडाला आवळलेली शिडी, वर लोखंडी बैठक.]

नोव्हेंबर महिना. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं ओकचं जंगल. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीचा हंगाम. इथले बरेच शिकारी जमिनीवर दबा धरत नाहीत. खोडाला पट्ट्यांनी बांधलेल्या छोट्याशा मचाणावर, म्हणजे ट्रीस्टँडवर, ते तासन्‌तास बसतात. उंची साधारण 15 ते 20 फूट. पाय ठेवायला जाळीची फळी, बसायला अरुंद बैठक, आणि पुष्कळदा पुढे कठडाही नसतो.

20 फुटांवरून तोल गेला, तर जमीन गाठायला सुमारे 1.1 सेकंद लागतात. आपटताना वेग ताशी 39 किलोमीटरच्या आसपास असतो. एवढ्या वेळात हात कशालाही धरू शकत नाही. धरायचं काम हार्नेसनंच, म्हणजे अंगावर चढवून झाडाला जोडायच्या पट्ट्यांच्या साजानंच, करायचं असतं.

[दृश्य: टेबलावर जुना कमरपट्टा, शेजारी पूर्ण अंगाचा हार्नेस.]

पूर्वी नुसता कमरेला पट्टा बांधून वर बसत. असा पट्टा अजून कुणाच्या माळ्यावर असेल, तर तो वापरू नका. पडल्यावर तो सरकून बरगड्यांखाली रुततो, श्वास कोंडतो, आणि माणूस उलटा झाला तर त्यातून निसटतोही. छातीपुरत्या पट्ट्याचीही तीच गत. ट्रीस्टँड बनवणाऱ्यांची अमेरिकेतली संघटना, ट्रीस्टँड मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन, पूर्ण अंगाच्या हार्नेसचाच आग्रह धरते. खांदे, छाती आणि दोन्ही मांड्या, सगळीकडे पट्टे हवेत. झटक्याचा भार मांड्यांनी आणि बुडानं पेलायचा असतो, पोटानं नव्हे.

आता मुख्य भाग. हार्नेसच्या पाठीवरून, दोन खांद्यांच्या मधून, एक पट्टी निघते आणि झाडाला जाते. तिला टेदर म्हणतात. दुकानात लोक बकलं बघतात, खिसे मोजतात. टेदर कुणी हातात घेऊन बघत नाही. खरं तर हार्नेस तिथेच पारखायचा.

कपड्यांसकट 90 किलोचा माणूस घ्या. टेदरमध्ये दोन फूट ढील आहे आणि पडल्यावर तो 15 सेंटिमीटरमध्ये थांबतो, असं धरू. शरीरावर सरासरी 450 किलोचा भार येतो, म्हणजे वजनाच्या पाचपट. ढील दोनच इंच असेल, तर तोच भार 120 किलोच्या घरात राहतो. म्हणून टेदर आखूड हवी, आणि तिच्यात झटका शोषणारी घडी हवी. ही घडी मुद्दाम कच्च्या टाक्यांनी शिवलेली असते. भार आला की टाके एकेक करून उसवतात आणि झटका वाटला जातो.

[दृश्य: बैठकीवर शिकारी. कॅमेरा डोक्यामागून वर जाणाऱ्या टेदरवर.]

खोडाभोवतीचा पट्टा डोक्याच्या वर बांधायचा. बसल्यावर टेदर जवळजवळ ताठ राहिली पाहिजे. उभं राहिल्यावर थोडा ढील येणारच. पण पडलात तरी बसायच्या उंचीवरच लटकता, आणि फळी पायाच्या टप्प्यात राहते.

बांधकामावरचा हार्नेस चालेल का, असं हमखास विचारलं जातं. तिथली दोरी बहुधा 6 फुटांची असते आणि झटका शोषणारी घडी आणखी साडेतीन फूट उलगडू शकते. ती पाठीच्या उंचीवर बांधली, तर पाय मचाणाच्या साडेनऊ फूट खाली येऊ शकतात. वाटेत खोडाला ठोकलेल्या पायऱ्या लागतील, आणि मचाण हाताला लागणार नाही. त्या हार्नेसमध्ये खोट नाही. त्याचं काम वेगळं आहे.

माप बघताना लेबल वाचा. बऱ्याच हार्नेसवर 300 पौंड, म्हणजे 136 किलोची मर्यादा लिहिलेली असते. त्यात जाड कोट, बूट, काडतुसं, पाठपिशवी सगळं धरायचं. काहींवर किमान वजनही असतं. सडपातळ माणसानं आणि मुलांसाठी घेणाऱ्यानं ते जरूर बघावं. अंगावर चढवून बघताना हंगामातला कोट घालूनच बघा. मांडीच्या पट्ट्याखाली सपाट तळवा जावा, मूठ जाऊ नये. आणि हातमोजे घालून, डोळे मिटून बकल लावून बघा, कारण प्रत्यक्षात ते अंधारातच लावायचं असतं.

मचाणाबरोबर खोक्यात येणारा साधा हार्नेस कमी सुरक्षित नसतो. पण त्याचे पट्टे एकमेकांत गुंततात, आणि वैतागून माणूस तो खोक्यातच ठेवतो. तसं होत असेल तर जॅकीटसारखा हार्नेस घ्या. पैसे जास्त जातील, पण तो अंगावर चढेल.

[दृश्य: लाइफलाइन, जवळून प्रुसिक गाठ.]

पुष्कळ अपघात बसलेले असताना होत नाहीत. चढताना, उतरताना, आणि शिडीवरून फळीवर पाऊल टाकताना होतात. म्हणून वर पोहोचून टेदर बांधणं पुरेसं नाही. मचाणाच्या वरून जमिनीपर्यंत एक जाड दोर कायमचा बांधतात, त्याला लाइफलाइन म्हणतात. त्यावर बारीक दोरीची प्रुसिक गाठ असते, तीन वेढ्यांची. हातानं ढकलली की सरकते, भार आला की आवळते. टेदर जमिनीवरच तिला अडकवायची आणि चढताना ती डोक्याच्या वर सरकवत राहायची. दोन चुका नेहमी दिसतात. गाठीची दोरी मुख्य दोराइतकीच जाड घेतली, तर ती नीट आवळत नाही. आणि घसरताना गाठच मुठीत धरली, तर ती आवळायच्या ऐवजी सरकत खाली येते. पाऊल टाकताना हात पायरीवर हवा, गाठीवर नको. बंदूक किंवा धनुष्य खांद्यावर घेऊन चढायचं नाही. बंदूक रिकामी करून, वर बसल्यावर दोरीनं ओढून घ्यायची.

पडून लटकलात, तर जीव वाचला, पण धोका सरलेला नसतो. मांड्यांचे पट्टे शिरा दाबतात, रक्त पायांत साचतं आणि भोवळ येऊ शकते. त्यासाठी हार्नेससोबत पायात अडकवायचा एक फास मिळतो. त्यावर उभं राहून मांड्या मोकळ्या करायच्या, पाय हलवत राहायचं, झाडाकडे तोंड करून पायरी गाठायची. हा फास आणि फोन पुढच्या खिशात ठेवा. लटकलेल्या माणसाचा हात पाठपिशवीपर्यंत जात नाही. हंगामाआधी जोडीदार शेजारी उभा असताना, जमिनीपासून वीतभर वर, एकदा लटकून बघा.

महाराष्ट्रातही बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबा, मेळघाटात वन्यप्राण्यांच्या प्रगणनेसाठी लोक मचाणावर बसतात. शिकार इथे 1972 च्या कायद्यानं बंद आहे. उंची मात्र तीच.

[दृश्य: खिडकीपाशी हार्नेस, बोटं शिवणीवरून फिरतात.]

दर हंगामाआधी पट्टे उजेडात धरा. उन्हानं विटलेला रंग, उंदरांनी कुरतडलेली कड, सुटलेला टाका, गंजलेलं कॅराबिनर (दोरी अडकवायची धातूची कडी), यातलं एकही दिसलं तर तो हार्नेस बाद. लेबलवरच्या निर्मितीच्या तारखेपासून साधारण 5 वर्षं झाली तरी बाद. एकदा कुणी त्यात पडलं असेल, तर वरून धडधाकट दिसला तरी बाद. टाकून देण्याआधी मांडीचे आणि खांद्याचे पट्टे कात्रीनं कापा, म्हणजे दुसरं कुणी तो उचलून अंगावर चढवणार नाही.