बोटभर मासा, घरच्या ताटासाठी

नमस्कार श्रोतेहो. शेततळ्यात रोहू-कटला सोडणारे शेतकरी आता गावोगाव दिसतात. त्याच तळ्यात आपसूक वाढणारी बोटभर मासळी मात्र पुष्कळजण निरुपयोगी म्हणून काढून टाकतात. आज मी बोलणार आहे ते तिच्याबद्दल.

बांगलादेशातही हेच चालायचं. कार्पचं, म्हणजे रोहू-कटलासारख्या माशांचं, बीज सोडण्याआधी घरामागच्या तळ्यात औषध टाकून बारीक मासे मारून टाकत. त्यातलाच एक चंदेरी मासा म्हणजे मोला. पश्चिम बंगालात त्याला मौरला म्हणतात, आणि आपल्या नद्या-तलावांतही तो सापडतो. तपासणीत १०० ग्रॅम मोलात २,५०० मायक्रोग्रॅमहून जास्त अ जीवनसत्त्व निघालं. लहान मुलाची दिवसाची गरज असते ४०० च्या आसपास! पोषणतज्ज्ञ शकुंतला हरकसिंग थिल्स्टेड यांनी या बारीक माशांवरचं काम वर्षानुवर्षं लावून धरलं. २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. तिथल्या घरगुती तळ्यांत आता मोला आणि कार्प एकत्र वाढवतात. रोहू बाजारात जातो, मोला पोराबाळांच्या पोटात.

त्याचं बीज दरवर्षी विकत आणावं लागत नाही, तो तळ्यातच अंडी घालतो. पाणी हिरवट राहील इतकं शेण घाला. त्यातलं शेवाळ हेच त्याचं खाणं. मात्र तळ्यात मरळ नको, ती सगळा फडशा पाडते. पावसाळ्यात सांडव्याला बारीक जाळी बांधा. पंधरा दिवसांनी थोडे थोडे मासे काढत राहा, म्हणजे उरलेल्यांना जागा होते.

आणि ताईंनो, साफ करताना डोकं मोडू नका. निम्म्याहून अधिक अ जीवनसत्त्व एकट्या डोळ्यांत असतं. हळद-तिखट-मीठ लावून अख्खा मासा शिजवा, काट्यासकट चावून खाता येतो. कॅल्शियम त्या काट्यातच आहे.

कोंबड्यांसाठी रोहूची आतडी, कल्ले ठेवा. पण कच्चे घालू नका. कार्पच्या कच्च्या मांसात ब-१ जीवनसत्त्व नासवणारं द्रव्य असतं. उकळलं की ते निकामी होतं. उकळून, कुस्करून, कोंड्यात कालवून द्या, तेही मूठभरच. जास्त झालं तर अंड्याला हिवस वास येतो, मग ती अंडी घरातही कुणी खात नाही.