गेल्या वाटेने परत येऊ नका

मंडळी, मुलांना घेऊन जंगलात जायचं तर वाट गोल असावी, हे मी भेटेल त्याला सांगत आलोय. गोल वाट आपल्याला नवी नाही. देवापुढे गेलो की आपण प्रदक्षिणाच घालतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आठ वर्षांच्या नातीला भीमाशंकरला नेलं. देवळाजवळून गुप्त भीमाशंकराकडे झाडीतून पाऊलवाट जाते. तिथे भीमा म्हणजे ओढा. नातीने उडी मारून ओलांडली. म्हटलं, "अगं, हीच पंढरपूरची चंद्रभागा. आपली मुळा-मुठाही पुढे हिलाच मिळते." तर तिने लगेच अलीकडे उडी मारली. "मग आबा, मी चंद्रभागा दोनदा ओलांडली!" (हशा)

परतायची वेळ झाली आणि ती बसलीच. "पुन्हा तीच वाट?" सोबत गावातला जाणता वाटाड्या होता. त्याने वरच्या अंगाच्या जुन्या पाऊलवाटेने आणलं, आणि तिथे शेकरू दिसलं. आधी खटखट आवाज, मग लांब झुपकेदार शेपूट. अंजनीवरून जांभळीवर, तिथून पुढे. एका जागी वाट रुंद करायला झाडं काढली होती. शेकरू फांदीच्या टोकाशी आलं, थांबलं, मागे फिरलं. नात विचारते, "खाली उतरून पलीकडे जाता येत नाही का?" येतं; पण जमिनीवर जिवाला धोका. फांद्यांना फांद्या भिडलेल्या असणं हाच त्याचा रस्ता. गेल्या वाटेने परतलो असतो तर हे तिला दिसलंच नसतं.

हे पुण्यात मुद्दाम सांगतोय. आपल्या टेकड्यांवर गिरिपुष्प भरपूर लावलं गेलं. झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं, झटपट वाढणारं. दुरून टेकडी हिरवी दिसते, आणि आपली मुलं त्यालाच जंगल समजून मोठी होतात. मला याचं फार वाईट वाटतं. अंजनी, पिसा, हिरडा एकदा तरी त्यांच्या डोळ्यांखालून जायला हवेत.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. पत्रिकेत घळीचा विषय छापलाय, तो भराभर सांगतो. आपला सह्याद्री सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. कठीण थर पायरीसारखा टिकतो, मऊ थर पाणी कोरून नेतं. तसे धबधबे होतात, तशा घळी पडतात. घळीत सावली आणि ओल टिकते, म्हणून झाडी दाट.

जायचं कसं? पावसाळ्यात मुलांना घेऊन घळीत उतरू नका. वर पाऊस झाला की खाली पाणी अचानक चढतं. कड्याच्या बाजूने मोठ्यांनी चालायचं, मुलं डोंगराच्या बाजूला. 1985 पासून भीमाशंकर अभयारण्य आहे, तेव्हा नवी वाट पाडायची नाही. असलेल्या पाऊलवाटाच जोडून फेरी करा. वाटाड्या गावातलाच घ्या, त्याला नीट पैसे द्या. ज्याचे पाय सगळ्यात लहान, त्याच्या चालीने सगळ्यांनी चाला. बाकीचं विचारायचं असेल तर मी बाहेर पायऱ्यांपाशी थांबतो.