वर्ग किती लवचीक? घड्याळ लावून बघा

निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय तो असा: ‘महाविद्यालयातील लवचीक अध्ययन-जागांसाठी पाच कल्पना’. पाचही सांगणार आहे. पण आधी बाकाबद्दल बोलू द्या, कारण गाडी अडते ती तिथेच.

आपला नेहमीचा बाक डोळ्यांसमोर आणा. लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडा, त्यावर सनमायका लावलेलं प्लाय, आणि बसायची नि लिहायची फळी एकाच सांगाड्याला वेल्ड केलेली. तीन मुलं त्यावर बसतात. तो उचलायला दोघं लागतात. पायाच्या तोंडाला रबरी बूच असतं, ते लवकरच निघून पडतं आणि पुन्हा कुणी बसवत नाही. मग उघडा पाइप फरशीवर घासतो, खालच्या वर्गात तास चालू असला तर तिथल्या प्राध्यापकांना थांबावं लागतं, आणि आठवडाभरात सूचना निघते: बाक हलवू नयेत. काही ठिकाणी तर बाक फरशीला बोल्टनेच जखडलेले असतात. अशा खोलीत कितीही मोठा स्मार्टबोर्ड लावा, मुलांना दिसणार पुढच्या मुलाची मानच.

आता माझा मुद्दा. लवचीकपणा मिनिटांत मोजायचा असतो. ओळी मोडून गट करायचे आणि तास संपताना पुन्हा ओळी लावायच्या. दोन्ही मिळून पाच मिनिटांत झालं तर वर्ग लवचीक. आपला तास बऱ्याच ठिकाणी 48 मिनिटांचा असतो. हजेरी वगळा, त्यातली आणखी बारा मिनिटं बाक ओढण्यात गेली, तर कुठलाही शहाणा शिक्षक हा प्रयोग दुसऱ्यांदा करणार नाही. यात त्याचा उत्साह कमी पडला असं कुणी म्हणू नये. त्याच्या हाती सामानच तसं दिलेलं आहे.

सामान बदललं तरी दोन गोष्टी आडव्या येतात. कार्यालयातल्या मंडळींनी इकडे जरा लक्ष द्यावं. पहिली, डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ सामानाची नोंदवही. प्रत्येक बाकाच्या पाठीवर रंगाने खोली क्रमांक घातलेला असतो आणि वार्षिक पडताळणीत त्या खोलीत तेवढे नग भरावे लागतात. बारा टेबलं शेजारच्या खोलीत गेली की शिपायाला जबाब द्यावा लागतो, म्हणून तो खोलीला कुलूप लावतो. त्याचं बरोबरच आहे! उपाय सोपा आहे. नोंद खोलीच्या नावे न करता विभागाच्या किंवा मजल्याच्या नावे करा आणि नगावर फक्त अनुक्रमांक घाला. खर्च रंगाच्या एका डब्याचा. दुसरी गोष्ट विद्यापीठाच्या परीक्षा. वर्षातले कित्येक आठवडे वर्ग म्हणजे परीक्षाकेंद्र असतं. एका टेबलावर एक विद्यार्थी, टेबलांमध्ये नीट अंतर आणि आसनक्रमांक चिकटवायला सपाट जागा, एवढं जमलं नाही तर नवं फर्निचर पहिल्याच हंगामात गोदामात जातं. गोल टेबलांचं हेच होतं.

गोल टेबलांचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात रॉबर्ट बाइशनर यांनी ‘स्केल-अप’ नावाची पद्धत उभी केली. सात फूट व्यासाचं गोल टेबल, भोवती नऊ विद्यार्थी, म्हणजे तिघातिघांचे तीन गट. पद्धत उत्तम आहे. पण आपल्याकडे अभियांत्रिकीचा वर्ग एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, निकषाने 66 चौरस मीटरचा आणि तुकडी 60 ची. माणशी 1.1 चौरस मीटर. खुर्च्या नि वाट धरून अशा एका टेबलाला साधारण 16 चौरस मीटर लागतात. चार टेबलं मावतात, 36 मुलं बसतात. उरलेली 24 कुठे बसणार?

म्हणून आयताकृती टेबल घ्या, 120 बाय 45 सेंटीमीटरचं, दोघांसाठी. समोरासमोर दोन आणि शेजारी तशीच दोन जोडली की आठ जणांचा गट होतो. 8.25 बाय 8 मीटरच्या खोलीत असे सहा गट, म्हणजे 48 मुलं, मोकळेपणी बसतात. 60 मुलं गटांत बसवायची असतील तर वाटा बंद होतात, म्हणून त्या तुकडीचा गटतास दोन बॅचमध्ये घ्या. वेळापत्रकात ते आधीच धरा, आयत्या वेळी होत नाही.

टेबलाच्या चाकांबद्दल मात्र निविदेत शब्दन्‌शब्द लिहा. 75 मिलिमीटर व्यासाची, पॉलियुरेथेनच्या धावेची चार चाकं, त्यांतल्या दोनांना ब्रेक. नुसतं ‘चाकं असलेलं टेबल’ लिहिलंत तर सगळ्यात कमी दरवाला छोटी नायलॉनची चाकं देईल. ती शहाबादी फरशीच्या सांध्यात अडकतात, मुलं जोर लावतात आणि चाकाचा स्क्रू पार्टिकल बोर्डातून उपटून येतो. कोकणात तर पावसाळ्यात हा बोर्ड कडेने फुगतो नि स्क्रूची पकडच जाते. म्हणून वर 18 मिलिमीटरचं प्लाय, चारही कडांना 2 मिलिमीटरची पीव्हीसी पट्टी आणि चाकं थेट पोलादी पायाला बसवलेली हवीत.

आणि नको असलेली टेबलं ठेवायची कुठे? चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत माणसं राहू शकतात, कारण सकाळी अंथरुणं गुंडाळून कोपऱ्यात जातात. वर्गालाही तसा कोपरा लागतो. फळी उभी होणारी टेबलं एकात एक सरकतात. मागच्या भिंतीलगत त्यांच्यासाठी पट्टा आखून ठेवा, दारासमोर नको.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. पाच कल्पनांपैकी टेबल आणि कोपरा या दोन झाल्या, उरलेल्या तीन भरभर सांगतो.

फळे. चारही भिंतींवर, खालची कड जमिनीपासून 75 सेंटीमीटरवर, म्हणजे प्रत्येक गटाला आपापली भिंत मिळते. साध्या लॅमिनेटच्या फळ्यावर काही काळाने शाईचे डाग राहतात. एनॅमल केलेला पोलादी फळा महाग पडतो, पण टिकतो आणि त्यावर चुंबकही चिकटतात.

वीज. जमिनीतले सॉकेट नकोत, फरशी पुसताना पाणी शिरतं. भिंतीवर दर दीड मीटरला, टेबलाच्या उंचीच्या वर, 6 अँपियरचे सॉकेट घ्या. प्रत्येक सर्किटला 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच, हवाच. एका एक्स्टेंशनमध्ये दुसरं खोचायचं नाही.

आवाज. हे सगळे विसरतात. सहा गट एकदम बोलू लागले की गिलाव्याच्या भिंतींत कुणाचंच धड ऐकू येत नाही. 3.3 मीटर उंचीच्या या खोलीत मुलं भरलेली असतानाही आवाज विरायला सेकंदाहून जास्त लागतो. एवढ्या वर्गासाठी अमेरिकी मानक 0.6 सेकंद सांगतं, आणि तेही रिकाम्या वर्गात. पीओपीचं छत इथे कामाचं नाही, ते आवाज परतवतं. एनआरसी, म्हणजे आवाज शोषण्याचा निर्देशांक, 0.7 किंवा त्याहून जास्त असलेल्या मिनरल फायबरच्या टाइल्स जवळपास पूर्ण छताला लावा आणि मागच्या भिंतीच्या वरच्या पट्ट्यावर सॉफ्टबोर्ड. पंखे आधी मोजून घ्या, त्यांच्या पात्यांखाली 2.4 मीटर उंची राहायला हवी.

आणि पूर्ण मागणी नोंदवण्याआधी चार टेबलं नमुन्यादाखल मागवा. एका वर्गात महिनाभर वापरा, रोज झाडणाऱ्या मावशींना चाकांबद्दल विचारा आणि मगच 24 ची ऑर्डर द्या.