तव्यावरची मिश्री

[दृश्य: चुलीवर तवा. तंबाखूची पानं काळी पडताहेत.]

तंबाखू भाजायला घेतली की घरभर ठसका उठतो. पानं काळीकुट्ट झाली की चुरायची, डबीत भरायची. सकाळी सासू उंबऱ्याशी बसून हिरड्यांना मिश्री चोळते आणि डबी सुनेपुढे सरकवते. सून सतरा वर्षांची. पाचवा महिना लागलाय.

2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी पाचातल्या एकीहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. अशा मुलीला आशाताईनं व्यसनाचं विचारलं, तर ती सरळ ‘नाही’ म्हणते. खोटं बोलत नसते. दात घासणं कुणी व्यसनात धरतं का? दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 मध्येच बंदी आली. घरच्या तव्याला कोण बंदी घालणार?

[दृश्य: आरोग्य केंद्रातला वजनकाटा.]

हिरड्यांतून निकोटीन रक्तात उतरतं आणि वारेतून बाळापर्यंत जातं. रक्तवाहिन्या आकसतात, बाळाला रक्त कमी पोचतं. मुंबईतल्या 1,217 गरोदर बायकांची पाहणी 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. मिश्रीसारखी, धूर न काढता घ्यायची तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनी हलकी भरली. आकडा किरकोळ वाटेल. पण जिचं स्वतःचंच अंग अजून भरायचंय, रक्त कमी आहे, तिचं बाळ आधीच अडीच किलोच्या काठावर असतं.

“मिश्री लावल्याबिगर पोट साफ होत नाही,” असं बायका सांगतात. हे निमित्त नव्हे. निकोटीननं आतडी हलतात. ते सुटलं की काही दिवस पोट अडतं, डोकं दुखतं, चिडचिड होते. त्यात लोहाच्या गोळ्यांनीही पोट जड होतं. मग पोरगी गोळ्या बंद करते आणि मिश्री चालू ठेवते! म्हणून शहाणी आशाताई आधी पोटाचं विचारते: सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, पेरू, तरी अडलं तर डॉक्टर. कॅन्सरचे फोटो नंतर दाखवता येतात.

[दृश्य: ओसरी. सासू, सून, आशाताई.]

“मावशी, हिनं एकटीनं सोडून भागायचं नाही. घरात भाजणंच थांबवा.”

“मला चाळीस वर्षांची सवय हाय गं.”

तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे: 1800-11-2356. फोन सासूबाईंनीही करायला हरकत नाही.